वाऱ्याला आडवे बसून

आईचे एक शिल्प दगडात करावे हा विचार पक्का झाला तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो आणि तोवर एकाही दगडाला मी छिन्नी लावलेली नव्हती. सव्वीस वर्षे नागपुरातील एका शाळेत चित्रकला शिकवली, मातीत आणि प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये पुष्कळ काम केले, दोन-तीन व्यक्तिशिल्पे फायबरमध्येही उतरवली. लहानपण शहराच्या महाल या भागात गेले. गणपतीच्या आधी दोन महिने चितारओळीत जाऊन मूर्तिकारांच्या हाताखाली चिखल तुडवायचा, एवढेच माझे खरे प्रशिक्षण. मातीतली चूक ओल्या बोटाने बुजवता येते, दगडातली येत नाही, हे वाक्य मी वर्गात इतक्या वेळा उच्चारले होते की त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे असा माझा समज झाला होता. पुढच्या पंधरा महिन्यांत मी छिन्नीबद्दल जितके शिकलो त्याहून जास्त हवेबद्दल शिकलो, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

आई उकिडवी बसून सूप पाखडते आहे, असा विषय मी ठरवला होता. त्याचा आठ इंचांचा मातीचा नमुना तयार केला आणि तो तिप्पट मोठा करायचा असे योजले. नमुन्यात आईचे दोन्ही हात पुढे पसरलेले होते आणि सूप हवेत अधांतरी होते. मातीच्या आत तार घातली की असे काहीही उभे राहते. कामठी रस्त्यावर पाटे-वरवंटे, उखळे आणि तुळशीवृंदावने घडवणाऱ्या एका वृद्ध पाथरवटांकडे मी तो नमुना घेऊन गेलो. त्यांना मी काका म्हणतो. ते मला शेवटपर्यंत सर म्हणत राहिले. त्यांनी नमुना हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हे सूप असं हवेत नाही राहत सर. गुडघ्याले टेकवा, नाही तर तुमचं काम व्हायच्या आधी ते खाली पडून राहते." त्यांचे म्हणणे पडताळून पाहावे म्हणून मी अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेल्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात, दोन रविवार घालवले. जुन्या दगडी मूर्तींमध्ये कोपर मांडीला, आयुध खांद्याला आणि बोटे वस्त्राला चिकटलेली का असतात, हे त्या दृष्टीने पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. जिथे हात मोकळा सोडलेला होता, तिथे बहुतेक वेळा आता हातच नाही. घरी येऊन मी नमुना मोडला आणि सुपाची कड दोन्ही गुडघ्यांवर टेकवून, कोपरे बरगड्यांना लावून तो पुन्हा केला. शिल्प त्याने अधिक चांगलेच झाले, कारण आईही सूप खरे तर तसेच धरायची.

दगडाच्या बाबतीत नागपूरकर भाग्यवान आहेत. शहराच्या पश्चिमेला, सेमिनरी हिल्सच्या बाजूला, दख्खनचा काळा बेसाल्ट आहे. उत्तरेला कामठीकडे वालुकाश्म लागतो. आणखी पुढे रामटेक ओलांडून देवलापारच्या बाजूला गेले की संगमरवराचे पट्टे आहेत. कामठीच्या नावाने भूशास्त्रात एक शैलसमूहच ओळखला जातो आणि त्याचे वय सुमारे २५ कोटी वर्षे आहे. १९४० साली खुली झालेली उच्च न्यायालयाची इमारत आणि झिरो माइलचा स्तंभ ही दोन्ही कामे वालुकाश्मातली. त्यांच्यासमोरून सायकलने जातच मी मोठा झालो. बेसाल्ट माझ्या मनगटांना झेपणार नव्हता, संगमरवर खिशाला झेपणार नव्हता, म्हणून मी वालुकाश्म निवडला. हा दगड हाताला सर्वांत मऊ, म्हणून नवशिक्याला सर्वांत सोयीचा, एवढेच मला तेव्हा ठाऊक होते. हाताला मऊ असलेला हाच दगड छातीला या तिघांत सर्वांत कठोर असतो, कारण तो बहुतांशी क्वार्ट्झच्या कणांचा, म्हणजे स्फटिकरूप सिलिकेचा बनलेला असतो. बेसाल्टमध्ये मोकळे क्वार्ट्झ अगदी थोडे असते आणि शुद्ध संगमरवरात जवळपास नसते. दगड निवडण्याआधी कळायला हवी होती ती ही गोष्ट मला चार महिन्यांनी कळली.

दगड पारखायला काका माझ्याबरोबर आले. त्यांनी प्रत्येक दगडावर हातोडीने हलकेच ठोका मारून कान लावला. अखंड दगड घणघणतो. आत भेग असेल तर आवाज फुटक्या मडक्यासारखा बद्द येतो. दोन दगड अशा रीतीने बाद झाले. तिसऱ्यावर त्यांनी बादलीभर पाणी ओतायला लावले आणि आम्ही चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा दगडाचा पृष्ठभाग वाळला होता, पण एका कोपऱ्यात केसासारखी एक काळी रेघ अजून ओली होती. भेगेत शिरलेले पाणी सर्वांत शेवटी वाळते. ती रेघ वरच्या कोपऱ्यात होती आणि तो कोपरा तसाही तासून जाणार होता, म्हणून दगड पसंत झाला. मग काकांनी त्याचे थर शोधले. वालुकाश्म हा मुळात पाण्याखाली थरांनी साचलेला गाळ. तो ज्या बाजूने जमिनीत निजला होता त्याच बाजूने शिल्पातही निजला पाहिजे, कारण थर उभे ठेवले तर पावसापाण्याने त्यांचे पापुद्रे सुटतात. काकांनी खडूने वर जाणारा बाण काढला आणि मला बजावले की हा बाण पुसला जाईल तेव्हा नवा काढायचा. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती म्हणजे दगड खाणीतून नवा आलेला असेल तर लवकर हात घालायचा. ताज्या वालुकाश्मात खाणीची ओल असते तोवर तो छिन्नीला नरम लागतो. ओल निघून गेली की त्याची वरची साल कडक होते.

दगड दोन फूट उंच, पावणेदोन फूट रुंद आणि दीड फूट खोल, म्हणजे सव्वापाच घनफूट होता. वालुकाश्माचे वजन एका घनफुटाला अंदाजे ६५ किलो धरावे, त्या हिशेबाने तो ३४० किलोचा भरला. बेसाल्ट असता तर ४३० किलोच्या पुढे गेला असता. हा गुणाकार मी दगड दारात उतरल्यावर केला, हे कबूल केले पाहिजे. छोट्या मालवाहू गाडीतून तो फळीवरून खाली सरकवताना नायलॉनचा पट्टा एका धारदार कडेवर आला, अर्धा कापला गेला आणि दगड फूटभर आपोआप घसरला. खाली उभा असलेला गाडीवानाचा मुलगा वेळेवर बाजूला झाला म्हणून पाय वाचला. त्यानंतर पट्टा आणि दगडाची कड यांच्यामध्ये जुन्या टायरचा तुकडा घातल्याशिवाय मी दगड उचललेला नाही, आणि उतारावर येणाऱ्या वजनाच्या खालच्या बाजूला कोणालाही उभे राहू देत नाही. सपाट जमिनीवर मात्र वजनाची भीती लवकर जाते: सब्बलीने एक बाजू बोटभर उचलायची, लगेच लाकडी पाचर सरकवायची, मग दुसरी बाजू. पाचर हाताने आत ढकलायची नाही, काठीने ढकलायची. लोखंडी नळ्यांवरून दगड शेडपर्यंत नेला आणि तिथे अर्धा टन पेलणाऱ्या चेनपुलीने लाकडी ठिय्यावर चढवला. ठिय्याची उंची अशी ठेवली की ज्या भागावर काम चालू आहे तो कंबर आणि कोपर यांच्या मध्ये यावा. पुढे डोक्याचा भाग आणि पायाचा भाग यांसाठी दगड वर-खाली करण्याऐवजी मीच कधी पाटावर उभा राहिलो, कधी स्टुलावर बसलो. दगडाखाली वाळू भरलेली दोन पोती ठेवली होती. त्यामुळे घाव बसला तरी तो उडत नाही आणि हवा तसा किंचित कलवताही येतो.

शेड म्हणजे घरामागची दहा बाय बाराची जागा, वर टिनाचे पत्रे, तीन बाजूंना भिंत. पहिले दोन-अडीच महिने मी तिथे कोरडे काम केले. होळी झाली, ऊन चढले, म्हणून नागपूरकर जे करतो ते मी केले आणि मागच्या खिडकीत कूलर बसवला. आता मागे वळून पाहताना हा माझा सर्वांत मोठा मूर्खपणा वाटतो. कूलर माझ्या पाठीमागे होता, दगड माझ्यासमोर होता आणि त्यापलीकडे शेडची मोकळी बाजू होती. म्हणजे धूळ माझ्यापासून दूर जाईल असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात पाठीवर आलेला वारा शरीराच्या दोन्ही बाजूंनी वळून पुढे छातीसमोर भोवरा करतो आणि समोरची धूळ त्या भोवऱ्यात अडकून तोंडापाशीच फिरत राहते. संध्याकाळी माझ्या भुवया आणि मिशा पिवळसर होत. अंगणातील तुळशीची पाने पिवळी दिसू लागली. माझे सदरे रोज संध्याकाळी सौ. दोरीवर झटकून टाकत असे, एके दिवशी ती म्हणाली, "अहो, तुमचे कपडे झटकले की मला खोकला येतो. तुम्हाला आत बसून येत नाही का?" मला येत होता. मी तो उन्हाळ्यावर ढकलत होतो.

त्याच आठवड्यात काका काम पाहायला आले. दारातच थांबले. "सर, हे काय करून राहिले तुम्ही? कोंडून घेऊन गोटा फोडता?" ते स्वतः आयुष्यभर रस्त्याकडेला, उघड्यावर, निंबाखाली बसून काम करत आले आहेत. त्या दिवशी त्यांनी त्यांच्या थोरल्या भावाची हकीकत सांगितली. भाऊ वालुकाश्माच्या खाणीवर आणि नंतर दगड कापण्याच्या बंद शेडमध्ये कामाला होता. पन्नाशीच्या आत त्याला धाप लागू लागली. टीबी म्हणून औषधे झाली, बरे वाटले, पुन्हा धाप लागली, पुन्हा औषधे झाली. शेवटी शेवटी त्याला पायऱ्या चढता येत नव्हत्या. "टीबीच होती म्हणतात," काका म्हणाले, "पण आमच्या धंद्यात सगळ्यांलेच कशी होते टीबी?"

दुसऱ्या दिवशी मी धंतोलीतील छातीच्या विकारांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझा धंदा विचारला, मी शिक्षक असे सांगितले, आणि मग नखांत अडकलेली धूळ पाहून त्यांनी पुन्हा विचारले. एक्स-रे काढला, फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची तपासणी केली. दोन्ही ठीक निघाले. अडीच महिन्यांत काही दिसणारही नव्हते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. सिलिकोसिस बहुधा दहा किंवा त्याहून अधिक वर्षांनी दिसू लागतो. धुळीचे प्रमाण फार मोठे असेल तर तो फार लवकरही होतो. सिलिकेचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसांच्या टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात, तिथल्या पेशी त्यांना गिळतात आणि स्वतःच मरतात, त्या जागी व्रणासारख्या गाठी होतात आणि हे चक्र धुळीचे काम सोडल्यावरही चालू राहू शकते. गाठी विरघळवणारे औषध नाही. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयाचा धोका इतरांपेक्षा पुष्कळ जास्त असतो, म्हणून काकांच्या भावाला दोन्ही असण्याचीही शक्यता होती. फुप्फुसाच्या कर्करोगाशीही या धुळीचा संबंध सिद्ध झालेला आहे. कारखान्यांसाठीच्या कायद्यात सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे. पण रस्त्याकडेला पाटे घडवणारा पाथरवट आणि घरामागे शिल्प करणारा मास्तर हे दोघेही त्या कायद्याच्या परिघाबाहेरच राहतात.

धुळीच्या आकाराबद्दल त्यांनी जे सांगितले त्याने माझा मोठा गैरसमज दूर झाला. मला वाटे, जी धूळ दिसते ती वाईट. दिसणारी जाड धूळ नाकात अडकते किंवा खाली बसते. फुप्फुसात खोल जाणारा कण दहा मायक्रॉनपेक्षा लहान असतो. आपला केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो, यावरून कल्पना करावी. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यांतले सर्वांत बारीक शांत हवेत तासन्तास तरंगत राहतात. म्हणजे संध्याकाळी काम थांबवून, तोंडावरचे फडके सोडून, मी त्याच शेडमध्ये निवांत चहा पीत असे, तो वेळही कामाइतकाच वाईट होता. अमेरिकेतील कामगार सुरक्षा यंत्रणेने २०१६ साली ठरवलेली अशा सूक्ष्म सिलिकेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने एका घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम आहे. मीठ चिमटीत धरले तरी ते यापेक्षा कित्येक पटींनी जास्त भरेल.

मी काम थांबवले आणि तीन आठवडे फक्त शेड बदलण्यात घालवले. हे तीन आठवडे वाया गेले असे तेव्हा वाटत होते. पहिला प्रश्न वाऱ्याचा होता आणि त्याचे उत्तर मी करत असलेल्या शिल्पातच होते, हे सांगायला मला अजून थोडी लाज वाटते. आई पाखडायला बसायची तेव्हा आधी चिमूटभर कोंडा वर सोडून वारा पाहायची आणि वाऱ्याला आडवी बसायची, म्हणजे वारा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जायचा आणि कोंडा तिच्या अंगावर न येता ओसरीच्या कडेने निघून जायचा. खळ्यावर तिपाईवर उभा राहून धान्य उफणणारा शेतकरीही हेच करतो. मी शेडच्या समोरासमोरच्या दोन आखूड भिंतींपैकी एक पूर्ण पाडली, दुसरीत मोठी जाळी बसवली, कूलर काढला आणि ठिय्या अशा रीतीने फिरवला की वारा माझ्या डाव्या हाताने येऊन, दगडावरून, उजवीकडच्या मोकळ्या परसात निघून जावा. वारा पडलेला असेल त्या दिवशी जाळीच्या बाहेर एक मोठा पंखा लावायचा. पाडलेल्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची खिडकी नाही, हे पाहूनच ती भिंत निवडली होती.

दुसरा उपाय पाणी. दगड ओला असेल तर बारीक धूळ मुळात उडतच नाही. ती चिखल होऊन खाली ओघळते. सुरुवातीला मी दर पाच मिनिटांनी फवाऱ्याने पाणी मारत असे, पण छिन्नीचे टोक जिथे आहे तिथे ते नेमके टिकत नाही. मग औषधांच्या दुकानातून सलाइनची नळी आणली, वर तुळईला पाण्याची बाटली टांगली आणि नळीचे तोंड दगडाला चिकटपट्टीने असे लावले की थेंब छिन्नीच्या किंचित वर पडावा. थेंबांचा वेग नळीवरच्या चाकाने कमी-जास्त करता येतो. ही युक्ती पाहून काका प्रथमच मोकळे हसले, म्हणाले, "गोट्याले सलाइन लावली सरनं." ओल्या दगडावर खुणा दिसत नाहीत, ही अडचण मोठी होती. खडू आणि पेन्सिल दोन्ही निरुपयोगी ठरतात. त्यासाठी रोज सकाळी दगड कोरडा असताना मेणाच्या जाड खडूने त्या दिवसापुरत्या रेघा काढायच्या, असे ठरले. खाली पडलेला चिखल त्याच दिवशी ओला असतानाच खरडून पोत्यात भरायचा. तो वाळू दिला तर पुन्हा धूळच होते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. झाडू शेडमधून कायमचा हद्दपार झाला. कामाचे कपडे शेडमध्येच काढून पाण्याच्या टबात बुडवायचे, अंग धुवायचे आणि मगच घरात यायचे.

तिसरा उपाय मास्क, आणि तो मुद्दाम शेवटी सांगतो आहे, कारण लोक तो सर्वांत आधी विकत घेतात आणि तेवढ्यावर थांबतात. दुपट्टा किंवा रुमाल बांधण्याचा या सूक्ष्म कणांविरुद्ध जवळजवळ काहीच उपयोग नाही. मी आधी एन ९५ वापरला आणि नंतर रबराचा, दोन बाजूंना गाळण्या असलेला अर्ध्या चेहऱ्याचा मास्क घेतला. त्याच्या गाळण्या धुळीसाठी आहेत की रंगाच्या वाफेसाठी, हे पाहून घ्यावे लागते. दुकानदार दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने देतो. तो घातल्यावर दोन्ही गाळण्यांवर तळवे दाबून श्वास आत ओढायचा. मास्क चेहऱ्याकडे खेचला जाऊन तसाच चिकटून राहिला तर तो नीट बसला, कडेने हवा शिरली तर नाही. माझ्या चेहऱ्यावर तो कधीच बसेना, कारण मला दाढी होती. दाढीच्या केसांमधून हवा आरामात ये-जा करते. अठरा वर्षे जोपासलेली दाढी मी एका सकाळी काढून टाकली आणि शाळेत आठवडाभर मुले माझ्याकडे पाहत राहिली.

यानंतर कामाला खरी सुरुवात झाली. नको असलेले मोठे कोपरे काढण्यासाठी मी चार इंची ग्राइंडर घेतला होता. त्याच्या हिऱ्याच्या पात्याने काही मिनिटांत जेवढी धूळ होते तेवढी हातछिन्नीने दिवसभरात होत नाही, आणि विजेवर चालणाऱ्या साध्या ग्राइंडरवर पाणी सोडणे म्हणजे शॉकला आमंत्रण. म्हणून वरचे चार मोठे काप मी शहराबाहेरच्या एका ग्रॅनाइट कापणाऱ्या कारखान्यात, पाण्याच्या धारेखाली चालणाऱ्या मोठ्या करवतीवर करून घेतले. पैसे गेले, पण निदान दोन महिन्यांची धूळ वाचली. ग्राइंडर पुढे केवळ सुपाखालची खाच काढण्यापुरता वापरला, तोही पात्यावर बंदिस्त झाकण आणि त्याला बारीक गाळणीचा व्हॅक्यूम जोडून, कानांत बोळे घालून आणि एका वेळी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नाही. एकदा सलग पाऊण तास चालवला तेव्हा रात्री दोन बोटे बधिर झाली होती; ही थरथर वर्षानुवर्षे सोसली तर बोटांतील रक्तप्रवाह कायमचा बिघडतो. शेडच्या वीजजोडणीवर तीस मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा-खटका बसवून घेतला. जिथे सलाइन टांगली आहे तिथे विजेच्या बाबतीत काटकसर करणे परवडणारे नव्हते.

छिन्नी धरण्याचे शिक्षण काकांकडूनच झाले. मी टाकी दगडावर जवळजवळ उभी धरून मारत होतो. तसे केल्याने दगड तुटत नाही, चेंगरतो. वालुकाश्मात त्या जागी ठिसूळ खळगा होतो आणि संगमरवरात तर आतपर्यंत पांढरा डाग बसतो, जो घासताना वर येतो. बेसाल्टसारख्या कठीण दगडाला उभा घाव लागतो, पण वालुकाश्मात टाकी पंचेचाळीस अंशांच्या आसपास कलती धरायची आणि घाव नेहमी दगडाच्या भरीव भागाकडे जाईल असा मारायचा. कडेकडे मारला की कड उडते. टोकदार टाकीने समांतर चर पाडायचे, दोन चरांमधला उंचवटा पुढच्या फेरीत काढायचा, मग दात्याच्या छिन्नीने आडवे-उभे फिरून पृष्ठभाग एकसारखा करायचा आणि चपटी छिन्नी अगदी शेवटी घ्यायची. चपटी मी फार लवकर हातात घेत असे, कारण तिच्याने दगड लगेच गुळगुळीत दिसतो आणि काम पुढे गेल्यासारखे वाटते. काकांनी ती दोन महिने स्वतःकडे नेऊन ठेवली. साध्या पोलादाची धार वालुकाश्मात फार लवकर जाते. टोकाला कार्बाइड बसवलेल्या छिन्न्या महाग असल्या तरी पुरतात. छिन्नीच्या मागच्या टोकाला ठोके खाऊन खाऊन छत्रीसारखी कड येते, ती आठवड्याला घासून काढावीच लागते, कारण त्या कडेचा पोलादी तुकडा एखाद्या घावाबरोबर गोळीसारखा सुटतो. दगडाच्या कपचीने एकदा माझ्या डोळ्याला धडा दिला. चष्म्यावर वाफ आली म्हणून मी तो क्षणभर कपाळावर सरकवला होता. डोळा न चोळता पाण्याने धुतला आणि डॉक्टरांनी कण काढला, त्यामुळे निभावले.

सातव्या महिन्यात, उजव्या कोपराच्या जागी, छिन्नी अचानक लोण्यात शिरावी तशी आत गेली. कामठीच्या वालुकाश्मात मधूनच चिकणमातीचे गोळे असतात आणि तसा एक लिंबाएवढा गोळा नेमका तिथे निघाला. मी हादरलो होतो. काकांनी खिळ्याने सगळी माती उकरून काढली, खड्डा धुतला आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहत बसले. "पदर इथून घ्या," एवढेच म्हणाले. कोपर आणि बरगडी यांच्यामधून पदराची घडी खाली उतरते आहे असे मी पुन्हा आखले आणि तो खड्डा त्या घडीची सावली झाला. शिल्प पाहणारा प्रत्येकजण त्या घडीची तारीफ करतो.

मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला तेव्हा रबरी मास्क घामाने गालावरून घसरू लागला. घसरणारा मास्क नसल्यासारखाच असतो, म्हणून कामाची वेळ पहाटे साडेपाच ते नऊ एवढीच ठेवली आणि नवतपाचे नऊ दिवस शेड बंद ठेवली. त्याआधीच एक चूक झाली होती. सुपाची डावी कड दोन इंच तुटली. तुकडा शाबूत होता, म्हणून स्टेनलेस स्टीलची बारीक खुंटी घालून इपॉक्सीने जोडायचे ठरवले. साधी लोखंडी खुंटी गंजून फुगते आणि दगड आतून फोडते. डब्यावर चाळीस मिनिटांत घट्ट होईल असे लिहिलेले मिश्रण दुपारी तीन वाजता, पत्र्याखाली, दहा मिनिटांतच वाटीत गरम होऊन दगडासारखे झाले, आणि तुकडा अर्धा मिलिमीटर वर राहून चिकटला. तो उंचवटा नंतर घासून काढला, पण जोड दिसतो. दुसऱ्या वेळी हीच जुळणी मी पहाटे, सावलीत, थोडे थोडे मिश्रण कालवून केली असती.

चेहरा, हात आणि सुपातले दाणे मी सिलिकॉन कार्बाइडच्या वड्यांनी, पाण्यात भिजवून, आधी साठ, मग एकशे वीस आणि शेवटी दोनशे वीस नंबरने घासले. लुगड्यावर दात्याच्या छिन्नीच्या रेघा तशाच सोडल्या. वालुकाश्माला संगमरवरासारखी झिलई येत नाही आणि आणण्याचा प्रयत्नही करू नये. घासलेला भाग आणि रेघांचा भाग यांवर उन्हाची तिरीप वेगवेगळी पडते, तेवढा फरक पुरेसा आहे. तयार शिल्पाचे वजन अंदाजे १९० किलो असावे. पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही चौघांनी सब्बल, नळ्या आणि चेनपुली वापरून ते परसातल्या निंबाखाली, विटांच्या चौथऱ्यावर, शिशाच्या पातळ पत्र्यावर बसवले. डॉक्टरांनी वर्षातून एकदा एक्स-रे काढायला सांगितले आहे. पहिल्या वर्षाचा निर्मळ आला.

काका त्या दिवशी उशिरा आले. त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. खाली वाकून, चौथऱ्यापाशी गाल जवळजवळ जमिनीला टेकवून, ते पायथ्याच्या कडेने फिरले आणि मग मला विचारले, "थर आडवेच ठेवले ना सर?" मी मागच्या बाजूला, पायथ्याच्या कडेवर, तेराव्या वेळी काढलेला मेणाच्या खडूचा बाण त्यांना दाखवला.